जामीन मंजूर, जामीनदार कुठे?

सुरतहून वलसाडच्या बाजूला जाणारी गाडी उधना, भेस्तान मागे टाकून सचिनला थांबते. पाटीवरचे नाव वाचून नवख्या मराठी प्रवाशाला क्रिकेट आठवते. उतरणाऱ्यांना तेवढी सवड नसते. कुणाला लूमच्या खात्यात पाळी गाठायची असते, कुणाला डाइंग मिलमध्ये. त्याच गर्दीतून वेगळी माणसेही उतरतात. हातात कपड्यांची पिशवी, प्लॅस्टिकच्या पाकिटात आधार कार्डाच्या झेरॉक्स आणि चेहऱ्यावर रात्रभराचा प्रवास. त्यांना लाजपोरला जायचे असते. सुरतचे मध्यवर्ती कारागृह तिथे आहे.

लाजपोर हे जुन्या सचिन संस्थानातले गाव. या संस्थानाचा जन्मही मोठा गमतीचा आहे. जंजिऱ्याच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या एका सिद्दी वारसाने 1791 साली पुण्यात पेशव्यांशी करार केला, जंजिऱ्यावरचा हक्क सोडला आणि बदल्यात सुरतेजवळची ही गावे घेतली. कोकणच्या समुद्रातला माणूस पुण्यात लिहिलेल्या एका कागदावर गुजरातेत नवाब झाला. आज त्याच मुलखात खानदेशातून आलेल्या कामगाराला आपण इथलेच आहोत हे दाखवणारा एक कागद मिळवताना महिने लागतात. तो तुरुंगात असेल, तर त्या महिन्यांचा हिशेब लाजपोरच्या आत होतो.

खटला अजून निकाली न निघालेल्या तुरुंगातल्या माणसाला गुजरातीत ‘काचा कामना केदी’ म्हणतात, आपल्याकडे ‘कच्चा कैदी’. शिक्षा झाली की तो पक्का. शब्द तसा निरुपद्रवी वाटतो, पण आकडा पाहिला की थबकायला होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार भारताच्या तुरुंगांत 5 लाख 73 हजार 220 माणसे होती आणि त्यांपैकी 4 लाख 34 हजार 302 कच्चे कैदी होते. शंभरातले सुमारे शहात्तर. म्हणजे आपले तुरुंग शिक्षा भोगणाऱ्यांपेक्षा तारखेची वाट पाहणाऱ्यांनीच जास्त भरलेले आहेत. (‘तारखे’ला सुरतच्या कोर्टात ‘मुदत’ म्हणतात. मराठी माणूस मुदत म्हणजे शेवटचा दिवस समजतो आणि पहिल्या दोन-तीन खेपांना फसतो.)

यातले सगळेच जामीन नाकारलेले असतात असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे, आणि या विषयाची खरी गोम तिथेच आहे.

समजा, शिरपूर तालुक्यातला एक तरुण सचिनमध्ये लूम चालवतो. पांडेसऱ्याला चौघांत मिळून एक खोली, भाडे रोख, करारनामा नाही. मोबाइल चोरीच्या प्रकरणात त्याला अटक झाली. दोन दिवस पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, मग लाजपोर. पंधरा-वीस दिवसांनी आठवालाईन्सच्या कोर्टाने जामीन मंजूर केला: पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. घरी फोन गेला, आई रडली, चुलत्याने पेढे आणायचे ठरवले. पण तरुण सुटत नाही. जामीनदार सुरतचा हवा, त्याच्या नावावर घर किंवा दुकान हवे, वेराबिल (घरपट्टीचे बिल) हवे, मामलतदाराचा ऐपतीचा दाखला असेल तर उत्तम. खोलीतले तिघेही त्याच्यासारखेच भाडेकरू. शेठ म्हणतो, मी या भानगडीत पडत नाही. गावाकडे चुलत्याच्या नावावर तीन एकर जमीन आहे, पण ती महाराष्ट्रात.

हा तरुण काल्पनिक आहे. त्याची अडचण मात्र सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच तपासून निकाली काढलेली आहे.

मोती राम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा तो खटला. मोती राम गवंडी होता. सर्वोच्च न्यायालयानेच त्याला जामीन दिला होता, रक्कम आणि तपशील ठरवणे तेवढे खालच्या न्यायाधीशांवर सोपवले होते. त्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला. 1978 चे दहा हजार, गवंड्याकडून! त्याचा भाऊ जामीन राहायला तयार झाला, तर तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला गेला. प्रकरण परत दिल्लीला गेले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मोती रामला हजार रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडले आणि त्या निमित्ताने एक रोकडा प्रश्न विचारला: दक्षिणेतला माणूस उत्तरेत कुठे पकडला गेला, तर त्याने त्या परक्या गावात मालमत्तावाला जामीनदार आणायचा कुठून? जामीनदार स्थानिकच असावा असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. भारत एक देश असेल तर त्याचा नागरिक देशातल्या कोणत्याही जिल्ह्यात जामीन राहू शकतो, हे त्या निकालाचे सार.

त्या निकालाने ज्याचा आधार घेतला, तो एक अहवाल गुजरातचाच आहे. गुजरात उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने कायदेशीर मदतीसाठी समिती नेमली होती. तिने 1971 मध्ये स्वच्छ लिहिले की रकमेवर चालणारी जामिनाची पद्धत गरिबाला आत आणि श्रीमंताला बाहेर ठेवते. पुढे हेच भगवती सर्वोच्च न्यायालयात गेले. 1979 मध्ये बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांचे हुसैनारा खातून प्रकरण त्यांच्यासमोर आले, तेव्हा काही माणसे आपल्या गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेपेक्षाही जास्त काळ आत असल्याचे उघड झाले. खटला झाला असता, दोषी ठरले असते, तरी ती एव्हाना घरी असती!

भगवतींनी त्या निकालात न्यूयॉर्कच्या एका प्रयोगाचा दाखला दिला. 1961 मध्ये मॅनहॅटनमध्ये व्हेरा फाउंडेशनने कोर्टाला आरोपीविषयी साधी माहिती द्यायला सुरुवात केली. किती वर्षे इथे राहतो, काम कुठे करतो, घरी कोण आहे, यापूर्वी काही गुन्हा आहे का. ज्यांची मुळे गावात रुजलेली दिसत, त्यांना पैसे न घेता शब्दावर सोडावे अशी शिफारस होई, आणि ती माणसे तारखेला हजर राहत. भगवतींचे म्हणणे होते की आपल्याकडेही जामीन ठरवताना माणसाचा खिसा न पाहता त्याची मुळे पाहावीत. लाजपोरच्या बाबतीत हा विचार अर्धाच लागू पडतो, हे मात्र सांगायला हवे. सचिनच्या कामगाराची मुळे शिरपूरला असतात आणि पोट सुरतेला. मुळांची चौकशी सुरतेपुरतीच केली, तर तो पुन्हा बेवारसच ठरतो.

मोती राम आणि हुसैनारा या निकालांना आता जवळपास अर्धे शतक झाले. तरीही स्थानिक जामीनदाराची अट गेली नाही. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सविस्तर सूचना द्याव्या लागल्या. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगाला जावी. सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंगाच्या अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, आणि प्राधिकरणाने माणूस पाठवून तो का अडकला हे पाहावे. महिनाभरात जामीनदार आला नाही, तर अट सैल करायची का याचा विचार कोर्टाने आपणहून करावा. आणि शेवटी तेच जुने: स्थानिक जामीनदाराचा हट्ट सुटकेला उशीर लावतो, तेव्हा न्यायालयांनी ती अट घालू नये.

या सूचना निघण्याआधी देशभर एक मोजणी झाली होती. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी 26 नोव्हेंबर 2022 रोजी, संविधान दिनाच्या कार्यक्रमात, किरकोळ गुन्ह्यांत वर्षानुवर्षे अडकलेल्या गरिबांचा विषय काढला. समोर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश बसले होते. तीनच दिवसांनी न्यायालयाने जामीन मिळूनही न सुटलेल्यांची यादी मागवली. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सांगितलेला आकडा होता 5,029. त्यांपैकी 1,417 जण मदत मिळाल्यावर सुटले. महाराष्ट्राच्या तुरुंगांत अशी सातशेच्या आसपास माणसे निघाली. एकीकडे तुरुंगात जागा नाही अशी ओरड, दुसरीकडे कोर्टाने जा म्हटलेला माणूस कागदाअभावी तिथेच जेवतो आहे. हा हिशेब कोणत्याच शेठला परवडला नसता.

पैशांची अडचण सोडवायला केंद्र सरकारने 2023 मध्ये गरीब कैद्यांसाठी साहाय्य योजना आणली. तेव्हाच्या नियमांनुसार जामिनाच्या रकमेसाठी कच्च्या कैद्याला 40 हजार रुपयांपर्यंत, दंड भरता न येणाऱ्या शिक्षा झालेल्या कैद्याला 25 हजारांपर्यंत मदत, आणि ठरवायला जिल्हा पातळीवर समिती. योजना चांगली आहे, पण ती पैसे देते, जामीनदार देत नाही. कोर्टाने रोख रक्कम भरायला परवानगी दिली तरच तिचा उपयोग. मुंबईच्या न्यायालयांत तात्पुरता रोख जामीन घेऊन माणसाला सोडायचे आणि जामीनदार आणायला काही आठवडे द्यायचे, अशी वहिवाट आहे. परगावच्या माणसाला तिच्यापेक्षा सोयीचे दुसरे काही नाही.

जिथे खरा जामीनदार मिळत नाही तिथे खोटा मिळतो. कोर्टाच्या आवारात ठरावीक रक्कम घेऊन जामीन राहणारे भाडोत्री लोक कुठल्याही मोठ्या शहरात आढळतात. एकाच घराच्या कागदावर अनेकांचा जामीन, बनावट ऐपतीचे दाखले, मधूनमधून त्यांची पकडापकडी. आरोपी पळाला तर त्याला शोधून आणेल असा ओळखीचा, जबाबदार माणूस मधे असावा, हा जामीनदार मागण्याचा मूळ हेतू. भाड्याच्या जामीनदाराला आरोपीचे धड नावही ठाऊक नसते. कडक अटीने नेमके तेच बिघडते जे सांभाळायला ती घातली. न्यायमूर्ती भूषण गवई (अमरावतीचे) आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांनी ऑगस्ट 2024 मध्ये गिरीश गांधी प्रकरणात जामीनदाराचीच अडचण सोडवली. त्या आरोपीवर वेगवेगळ्या राज्यांत 13 गुन्हे होते. जामीन मिळाला होता, पण प्रत्येक प्रकरणासाठी वेगळे जामीनदार आणणे त्याला जमत नव्हते. माणूस जामीन राहायला कुणाला सांगतो? जवळच्या नातलगाला किंवा जुन्या मित्राला. असे लोक कुणाकडेही मोजकेच असतात, म्हणून तेच दोन जामीनदार अनेक प्रकरणांत चालतील, असे न्यायालयाने ठरवले.

न्यायाधीशांची बाजूही ऐकायला हवी. सुरतसारख्या शहरात आरोपी गावी गेला की परत येत नाही, ही तक्रार खोटी नाही. समन्स घेऊन दुसऱ्या राज्यात जायला पोलीस नाखूश, वॉरंट फाईलला लागून राहते, फिर्यादी तारखेला येऊन कंटाळतो आणि खटला झोपतो. ज्याचा मोबाइल गेला तोही बहुधा कामगारच असतो, हे विसरून चालणार नाही. लहान मुलांवरचे अत्याचार किंवा खून अशा गुन्ह्यांत लोकांना जामीन हा शब्दच सहन होत नाही, आणि तो राग समजण्याजोगा आहे. पण लूमवाल्या तरुणाला अडवणारी अट या गुन्ह्यांसाठी नसते. कोर्टाने याला सोडायला हरकत नाही असे ठरवल्यानंतरची ती अट आहे. पळून जाण्याची भीती खरी असेल तर गावचा पत्ता तपासणे, नातलगाचा फोन नोंदवणे, ठरावीक दिवशी ठाण्यात हजेरी असे उपाय आहेत. वेराबिलाने माणूस बांधला जातो, असा अनुभव तरी कुणाचा नाही.

अटी किती दूर जाऊ शकतात याचे लाजपोरनेच पाहिलेले उदाहरण पाटीदार आंदोलनाचे नेते हार्दिक पटेल यांचे. राजद्रोहाच्या गुन्ह्यांत 2015 पासून आत असलेल्या हार्दिक यांना जुलै 2016 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने सोडले, तेव्हा अट होती सहा महिने गुजरातबाहेर राहण्याची. ते उदयपूरला जाऊन राहिले आणि 2022 मध्ये विरमगाममधून आमदार झाले. नाव, वकील, परराज्यात राहायची सोय असलेल्या माणसाला अशी अट पेलते. रोजंदारीवरच्या माणसाला तीच अट म्हणजे नोकरी गेली.

उलट बाजूचेही उदाहरण गुजरातचेच आहे. मे 2020 मध्ये, टाळेबंदीत गावी जाऊ न दिल्याच्या संतापात अहमदाबादला बांधकामावरच्या परप्रांतीय मजुरांची पोलिसांशी चकमक झाली आणि तीसहून अधिक जण पकडले गेले. महिनाभराने उच्च न्यायालयाने 33 जणांना जामीन दिला. हे लोक गुन्हेगारापेक्षा परिस्थितीचे बळी अधिक आहेत, असे न्यायालयाला वाटले. जातमुचलका माणशी 500 रुपये. जामीनदाराची शोधाशोध करायला लावली नाही. त्याच वर्षी एप्रिल-मे महिन्यांत सुरतच्या लसकाणा, वरेली भागांतही हेच पेटले होते.

2024 च्या जुलैपासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. नव्या कायद्यात ‘जामीन’ शब्दाची व्याख्या आली. जुन्या संहितेत ती कधी नव्हतीच, इतकी वर्षे सगळे एकमेकांच्या समजुतीवर चालले होते. त्याहून महत्त्वाचा बदल कच्च्या कैद्याच्या मुदतीचा (मराठी अर्थाने). पूर्वी कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला की सुटकेचा हक्क मिळे. आता पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याला एक तृतीयांश काळ पुरे. साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षे, म्हणजे वर्षभर. तुरुंगाच्या अधीक्षकाने आपण होऊन कोर्टाला अर्ज करायचा आहे, आणि ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या प्रकरणांतल्या कैद्यांनाही हे लागू केले. दोन फटी आहेत. जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा असलेले गुन्हे यात नाहीत, ते ठीक. पण एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असले तरीही ही सवलत नाही. पोलीस एका चोराच्या नावावर चार जुन्या चोऱ्या लावतात हे कोर्टाच्या कोणत्याही बाकावर बसलेला माणूस सांगेल.

आणि वर्षभर तरी कुणी का थांबावे? चोरीच्या प्रकरणांत कच्चा कैदी कधी कधी गुन्हा कबूल करून मोकळा होतो. काढलेले दिवस शिक्षेत वळते होतात, दरवाजा उघडतो. त्याने चोरी केली होती की नाही, हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. आयुष्यभराचा शिक्का मात्र बसतो, आणि पुढच्या वेळी तो ‘पहिल्यांदा’ राहत नाही.

गुजरातेत याच्या पुढची एक पायरी आहे, ‘पासा’. समाजविघातक कृत्ये रोखण्याचा हा 1985 चा कायदा पोलीस आयुक्ताला किंवा जिल्हाधिकाऱ्याला एखाद्याला खटल्याशिवाय वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करू देतो. दारूबंदीच्या राज्यात बाटल्या विकणारा हे त्याचे नेहमीचे गिऱ्हाईक. कोर्टातून जामीन मिळालेला माणूस पासाखाली पुन्हा आत, असे होते. असे हुकूम उच्च न्यायालय वारंवार रद्द करते, पण तिथे पोचेपर्यंत महिने गेलेले असतात. जामिनाच्या सुधारणा लिहिणाऱ्यांच्या यादीत हा कायदा क्वचितच दिसतो. महाराष्ट्रातही एमपीडीए हा असाच स्थानबद्धतेचा कायदा आहेच, तेव्हा फार नाक वर करायचे कारण नाही.

काल्पनिक तरुणाचा चुलता शेवटी काय करतो? शहाणा असेल तर तो एजंटाकडे न जाता लाजपोरच्या विधी सेवा केंद्रात जातो किंवा 15100 या मोफत क्रमांकावर फोन करतो, सरकारी खर्चाचा वकील घेतो आणि दोनच मागण्या करतो: स्थानिक जामीनदाराची अट काढा, नाही तर जातमुचलक्यावर किंवा रोख रकमेवर सोडा. सोबत तो सातबारा घेऊन येतो. सुरतच्या कोर्टातल्या कारकुनाला हा कागद अनोळखी नाही. गुजरातेतही जमिनीच्या उताऱ्याला ‘सात-बार’च म्हणतात, कारण 1 मे 1960 पर्यंत दोन्ही मुलूख मुंबई राज्यातच होते आणि गावचे नमुने तेच राहिले. सात नंबर तोच, बारा नंबर तोच, फक्त लिपीवर शिरोरेघ आहे.

तो कागद पिशवीत घेऊन चुलता भुसावळकडून येणाऱ्या ताप्ती मार्गावरच्या गाडीत बसतो. वाटेत नवापूर लागते. या स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आहे आणि अर्धा गुजरातेत. मधल्या बाकावर दोन्ही राज्यांची नावे रंगवलेली आहेत, लोक तिथे फोटो काढतात. गाडी दोन-चार मिनिटे थांबते. चुलता खिडकीतून चहा घेतो, पिशवीतले पाकीट एकदा चाचपून पाहतो आणि उधन्याला उतरून सचिनची गाडी किती वाजता मिळेल ते शेजाऱ्याला विचारतो.